म्हैस बगळ्यावर बसली

माझ्या पहिल्या गोष्टीत म्हैस बगळ्यावर बसली आणि बगळा मेला.

मूळ गोष्ट तशी नव्हती. तळ्यात डुंबणारी एक म्हैस, तिच्या पाठीवर रोज येऊन बसणारा एक बगळा, आणि एक दिवस बगळा आलाच नाही म्हणून पाण्याबाहेर यायला तयार नसलेली म्हैस, एवढीच ती. मीच रचलेली, लहान मुलांना झेपेल अशी. तोंडानं सांगितली असती तर दोन मिनिटांत संपली असती आणि कुणाला हसूही आलं नसतं. पण मी ती हातांनी सांगत होते, आणि समोर शाळेतले काशीनाथमामा शिलाई मशीनवर कोपर टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. त्यांच्या हसण्याला मोठा आवाज होता. तो त्यांनी स्वतः कधी ऐकला नाही.

मामा यंदा होळीच्या आधी गेले. या अंकाच्या संपादकांनी मूकबधिर शाळेतल्या नोकरीबद्दल लिहा म्हणून कळवलं, तेव्हा मी नाही म्हणणार होते. माझा लिहिण्याचा वेग आधीच कमी, यंदा तो आणखी कमी झाला आहे. एक परिच्छेद लिहिते, मग एखादं पुस्तक उघडून बसते, आणि दुसरा परिच्छेद दोन दिवसांनी होतो. पण नोकरीबद्दल लिहायचं म्हणजे मामांबद्दल लिहायचं, आणि मामांबद्दल रडका मजकूर लिहिला तर तो त्यांना आवडणार नाही, हे लक्षात आलं आणि मी होकार कळवून टाकला.

जालन्यातली आमची शाळा निवासी होती. भोकरदन, अंबड, घनसावंगी या भागांतली मुलं जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन येत आणि दिवाळीला, उन्हाळ्याला घरी जात. मी रुजू झाले ते ऐंशीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत कधीतरी. कर्णबधिरांच्या शिक्षणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्या प्रशिक्षणाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: मूल बोललं पाहिजे. ओठ वाचून समजलं पाहिजे आणि तोंडानं उत्तर दिलं पाहिजे. हातांनी खुणा करायची सवय लागली की मूल बोलायचा आळस करतं, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून वर्गात नियम होता, हात मागे.

बोलायला शिकवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. आरशासमोर मुलाला शेजारी बसवायचं. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे आवाजाची थरथर त्याच्या बोटांना लागते. कागदाची पट्टी ओठांपुढे धरायची. 'प' म्हटलं की ती उडते, 'म' म्हटलं की उडत नाही. ओठ मात्र दोन्ही वेळा सारखेच मिटतात, त्यामुळे नुसतं तोंडाकडे पाहणाऱ्या मुलाला 'पान' आणि 'मान' यांत फरक दिसत नाही. ज्यांना थोडंफार ऐकू येत होतं ती मुलं यातून खरोखर बोलायला शिकली, हे मी आजही नाकारत नाही. बाकीची मुलं पट्टी उडवायला शिकली.

आणि घंटा झाली की तीच मुलं हौदापाशी जमून हातांनी इतक्या वेगानं बोलत की मी तिथून जाताना आपण परक्या गावात आलो आहोत असं वाटायचं. वर्गात कुणाचे हात पुढे आले तर मी लाकडी पट्टी बाकावर आपटायची. बाकाची थरथर त्यांना कळायची. पहिली तीन वर्षं मी हे इमानानं केलं. त्या तीन वर्षांतल्या मुलांची नावं मला पाठ आहेत. ती आता पन्नाशीकडे आली असतील, आणि मी त्यांचं काय ऐकलं नाही ते मला कधीच कळणार नाही.

चौथ्या वर्षी जूनमध्ये सुमन आली. तीर्थपुरीची, नऊ वर्षांची. तिचे वडील शेषराव गुरांच्या बाजारातले हेडी होते, म्हणजे बैल-म्हशी घेणारे-विकणारे. उंच माणूस, झुपकेदार मिशी, खांद्यावर लाल रुमाल. ते बाकावर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"बोलती करता म्हणे तुम्ही."

"प्रयत्न करतो," मी म्हटलं.

"येत्या दिवाळीचं जाऊ द्या. पुढच्या दिवाळीला येतो न्यायला. तवर तिच्या तोंडून एक बार 'आबा' निघालं पाहिजे. निघालं तर ठीक, पुढचं पाहू. न्हाई निघालं, तर मंग घेऊन जातो. तिची माय एकली मरून राह्यली घरी कामानं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सौदा करताना माणूस अटी सांगतो तशा त्यांनी सांगितल्या. सुमन त्यांच्या मागे उभी होती आणि आपल्याबद्दल काही ठरतं आहे याची तिला कल्पना नव्हती. तिला कसलीच कल्पना नव्हती. आपलं नाव सुमन आहे, हे तिला माहीत नव्हतं. प्रत्येक वस्तूला, माणसाला काहीतरी नाव असतं, ही गोष्टच तिच्यापर्यंत पोचली नव्हती. नऊ वर्षं घरात सगळ्यांनी तिला हाताला धरून उठवलं, बसवलं, जेवू घातलं होतं. लाडही केले होते. पण तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, कारण कसं बोलायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

तीन महिने मी तिला आरशासमोर बसवलं. ती पट्टी उत्तम उडवायची. पट्टी उडाली की मी खूश होते हे तिला कळलं होतं, म्हणून मला बरं वाटावं यासाठी ती दिवसभर पट्टी उडवायला तयार होती. त्यापलीकडे आम्ही गेलो नाही. बाकीच्या मुलांच्या हातांकडे मात्र ती टक लावून पाहायची. मग एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी शिवणाच्या खोलीत गेले.

काशीनाथमामा शिवणशिक्षक. जन्मतः बहिरे, पन्नाशीचे, लहानपणी दूरच्या शहरात शिकलेले. मराठी चार ओळी लिहिण्यापुरतं येत होतं. शाळेतले ते एकमेव मोठे माणूस ज्यांना मुलांचं सगळं समजायचं, आणि हात मागे या नियमाचा विषय त्यांच्यापुढे कुणी काढत नसे, कारण हात मागे ठेवून कापड कापता येत नाही. मी त्यांना कागदावर लिहून दिलं, "मला खुणा शिकवा." आणि माझी वही दाखवली. मुलांच्या नजरेआड मी दोनशेवर खुणा टिपून, चित्रं काढून ठेवल्या होत्या. मामांनी ती वही आदरानं चाळली, मिटली, आणि डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली सरकवली. मशीन स्थिर झालं. मग त्यांनी कागदावर लिहिलं, "शब्द नको. गोष्ट सांग."

हीच त्यांची पद्धत. रोज एक तास, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन असेपर्यंत. मी एक गोष्ट सांगायची, त्यांनी पाहायची. शब्दांच्या याद्या पाठ करून हात शिकत नाहीत, गोष्ट सांगायची निकड असली की शिकतात, हे मला पुढे कुठल्याही पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

आता बगळा कसा मेला ते सांगते. हातांच्या भाषेत गोष्ट सांगताना आपल्यापुढची हवा म्हणजे अंगण समजायचं. म्हैस डावीकडे बसवली की ती जागा म्हशीची. पुढे म्हशीचं नाव घ्यायची गरज नाही, त्या जागेकडे बोट केलं तरी 'ती' म्हणजे म्हैस. बगळा उजवीकडे. म्हैस काय करते हे दाखवायचं तर खांदे थोडे वळवून स्वतःच म्हैस व्हायचं. आणि सवाल चेहऱ्यावर असतो. भुवया वर गेल्या नाहीत तर "बगळा येतोय?" याचा अर्थ "बगळा येतोय" असा होतो. मी म्हैस डावीकडे बसवली, बगळा उजवीकडे उभा केला, आणि पुढची खूण आठवायला जरा थांबले. वर्गात शिकवताना विचार करत चार पावलं चालायची माझी सवय. मी चालले, वळले, आणि पुन्हा सुरुवात केली. अंगण फिरलं, म्हशीची जागा उजवीकडे आली आणि मला पत्ताच नाही. मग उजवीकडची म्हैस उठली आणि डावीकडच्या बगळ्यावर निवांत बसली.

मामा हसत होते आणि मला कारण कळत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून सुमन उठली. मामांनी तिला बटणं निवडायला बसवलं होतं. ती तरातरा आली, माझी दोन्ही मनगटं धरली, बगळ्याचा हात म्हशीखालून ओढून काढला आणि वर ठेवला. मग माझ्या तोंडाकडे पाहून मान हलवली, कळलं का, अशी. नऊ वर्षांत तिनं दुसऱ्या माणसाला सांगितलेली ती पहिली गोष्ट, आणि ती माझी चूक होती.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. खोलीत आम्ही तिघं. मी गोष्ट सांगायची, मामांनी मान डोलवायची किंवा नाक मुरडायचं, आणि सुमननं दुरुस्त करायचं. वाचून झालेल्या पुस्तकांतलं सगळं मला उपयोगी पडेल असं वाटलं होतं, पण सुमनला राजे, राक्षस काही नको असायचे. तिला चूक हवी असायची. म्हैस चिखलात घसरली, बाईंच्या डब्यात मुंगी निघाली, मुख्याध्यापक खुर्चीवरून उठले आणि खुर्चीही बरोबर उठली. सहा महिन्यांत ती माझ्यापुढे गेली. मला तिनं नावही दिलं. या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण-नाव मिळतं, ते स्वतः घ्यायचं नसतं. माझं नाव झालं जिभेला बोट लावून पान उलटणं. आजही माझे विद्यार्थी मला याच नावानं ओळखतात. तेव्हापासून मी पान कोरड्या बोटानं उलटायचा प्रयत्न करते, पण नाव काही बदललं नाही.

मुख्याध्यापकांना हे कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. ते सज्जन गृहस्थ होते. शिवणाच्या खोलीकडे येताना ते मोठ्यानं खोकत. आत तिघांपैकी दोघांना तो खोकला ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणजे तो माझ्यासाठीच होता. मी हात खाली घ्यायची, ते आत येऊन "काय, शिवण चाललंय?" विचारायचे आणि जायचे.

'आबा'चा सरावही मी सोडला नव्हता. अट आमच्यावर होती. सुमन गेली तर ती पुन्हा घरातल्या त्या शांततेत जाणार हे मला दिसत होतं, आणि आता तर तिला आपण काय गमावतो आहोत हेही कळलं असतं. रोज सकाळी अर्धा तास आरसा, गळ्यावर हात, आ, बा. दुसऱ्या दिवाळीपर्यंत ते शब्दासारखं ऐकू येऊ लागलं.

शेषराव ठरल्याप्रमाणे आले. व्हरांड्यात पालकांची गर्दी, पेट्या, वळकट्या. मुख्याध्यापक स्वतः उभे होते.

"म्हणली का वो बाई?"

"म्हणते. ऐका."

मी सुमनला समोर उभं केलं आणि माझा हात माझ्या गळ्याला लावला. तिनं माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि म्हणाली, "आ-बा."

आवाज जाड होता, पण शब्द होता. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. शेजारच्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेषरावांनी आधी मुलीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले,

"बाई, हे तिनं तुमच्याकडं पाहून म्हणलं."

मी गळ्यावरचा हात खाली घेतला.

"आबा म्हणजे मी हाय, हे ठावं हाय का तिला?"

माझ्या शिकवण्याची इतकी नेमकी तपासणी कुठल्याही अधिकाऱ्यानं कधी केली नव्हती. तेवढ्यात सुमनला वाटलं की आपलं काम झालं. ती वडिलांकडे वळली आणि हातांनी सांगू लागली. म्हैस, तळं, बगळा. तिनं म्हैस डावीकडे बसवली, अगदी पक्की. शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिचे दोन्ही हात धरून खाली केले.

"हे हातवारे नको. चार लोक पाहून राह्यले." मग माझ्याकडे वळून, "तुमची काही चूक न्हाई, बाई. तुम्ही लई मेहनत घेतली. पण आता घेऊन जातो मी हिला."

शिवणाच्या खोलीच्या दारात मामा उभे होते. त्यांनी शब्द ऐकले नव्हते, पण सुमनचे धरलेले हात पाहिले होते. ते सरळ आले, शेषरावांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर रुमाल पांघरला.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. बघणाऱ्यांना कळू नये म्हणून हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. चेहरा दगडासारखा ठेवायचा. मामांचे थोरले भाऊ बैलांचा व्यापार करत, त्यामुळे लहानपणी मामा बाजाराला जायचे. ऐकू येणारी माणसं आपल्यासारखी बोलतात अशी जगात एकच जागा आहे, असं त्यांना तेव्हा वाटायचं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

शेषराव दचकले, पण हात काढला नाही. सवयीचा माणूस होता.

"यांना कसं येतं हे?" ते पुटपुटले. मग, "पाच? पाच काय?"

मामांनी मोकळ्या हातानं सुमनकडे बोट केलं, जमिनीकडे केलं आणि वर्षाची खूण केली. मी अर्थ सांगितला. "पाच वर्षं. इथं राहू द्या म्हणतात."

"बिलकुल न्हाई."

पण रुमाल हलला. शेषरावांनी एक बोट दाबलं असावं, कारण मामांनी अपमान झाल्यासारखं तोंड केलं. पुन्हा रुमाल हलला. भोवती पालक जमले. त्यातले अर्धे शेतकरी, त्यांना चाललंय काय ते बरोबर समजलं होतं आणि ते आवाज न करता पाहत होते. एक म्हातारे हळूच म्हणाले, "मास्तर मोडायचा न्हाई." शेषराव म्हणाले, "तुम्ही गप बसा हो काका." आणखी एकदा रुमाल हलला. मग दोघेही थांबले.

"तीन," शेषराव म्हणाले. "तीन वर्षं दिली. सोडा आता."

मामांनी हात सोडला नाही. त्यांनी शेषरावांचा अंगठा दाबला.

"हे काय आता वरून?"

मामांनी मला सांगितलं, मी त्यांना. "तुम्ही जालन्याच्या बाजाराला येता. दर बाजाराला एक तास इथं द्यायचा. शिवणाच्या खोलीत."

"मी काय चोळ्या शिवू का?"

"गोष्ट सांगायची."

"कुणाला?"

"सुमनला. हातांनी."

शेषरावांनी मामांकडे पाहिलं. नंतर मुलीकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं, ती रुमालाखाली काय आहे ते वाकून पाहायचा प्रयत्न करत होती.

"दिला," ते म्हणाले, आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मग जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले, "असा हेडी मी उभ्या बाजारात न्हाई पाह्यला." लोक हसले. रुमालाखाली ठरलेला सौदा हात बाहेर आल्यावर फिरवला तर त्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. मामांना हे माहीत होतं, म्हणूनच त्यांनी रुमाल ओढला होता.

पालक गेल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "बाई, तो रुमालाचा प्रकार आपल्या नियमात बसतो का?"

"नियम हात दिसू नयेत असा आहे, सर. हात दिसत नव्हते."

त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "ठीक आहे," ते म्हणाले. दुसऱ्या सत्रापासून ते शिवणाच्या खोलीकडे येताना खोकेनासे झाले.

शेषराव पहिल्या बाजाराला आले ते संकोचानं अर्धे झाले होते. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. "बैलाचे दात पाहणारा माणूस मी," ते म्हणाले, "मला कुठली गोष्ट येणार?" मामांनी सांगितलं, बैलाचीच सांगा. आणि मग आम्ही जे पाहिलं ते मी विसरणार नाही. हा माणूस उभ्या उभ्या बैल झाला. चांगल्या बैलाची चाल, खोंडाचा माज, पाय अधू असलेला आणि ते लपवणारा बैल, त्या बैलाला विकणारा माणूस, त्या माणसावर संशय घेणारं गिऱ्हाईक. मला जे खांदे वळवायला वर्ष लागलं ते त्यांना उपजत येत होतं. सुमन स्टुलावरून खाली घसरली इतकी हसली. तिच्या वडिलांना इतकं काही सांगता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

एक गोष्ट मात्र त्यांना जमेना. चेहरा. तीस वर्षं त्यांनी चेहऱ्यावर काही न दिसू देण्यावर पोट भरलं होतं, आणि या भाषेत तर सवाल, शंका, नकार सगळं भुवयांवर आणि गालांवर. ते सुमनला विचारायचे, "जेवलीस?" आणि चेहरा ढिम्म असल्यामुळे तिला वाटायचं ते सांगताहेत, "जेवलीस." ती मान डोलवून गप्प बसायची. शेषराव हताश.

"बाई, ही मला उत्तर देऊन न्हाई राह्यली."

"तुम्ही विचारत नाही आहात. भुवया वर घ्या."

"घेतल्या की."

"मिशीसुद्धा हलली नाही."

शेवटी सुमननंच इलाज केला. ती स्टुलावर चढली, दोन अंगठ्यांनी वडिलांच्या भुवया वर ढकलल्या आणि तशाच धरून ठेवल्या. "आता विचारा," मी म्हटलं. त्यांनी विचारलं. तिनं लगेच भुवया सोडून हातांनी उत्तर दिलं, जेवले, भाजी खारट होती. पुढचे कितीतरी महिने बाप-लेकीचं बोलणं असं भुवया ढकलून चालू होतं.

कविताही तिथंच झाल्या. हातांच्या कवितेत यमक कानाला लागत नाही, डोळ्याला लागतं. हाताचा एकच आकार धरायचा आणि त्यातूनच सगळं सांगायचं. मामांची एक कविता नुसत्या मुठीची होती. मूठ खाली, गप्प. मूठ हळूहळू वर येते. वाऱ्यात हलते. मग एक एक बोट उमलतं, आणि तळहात पांढरा दिसतो. दुसरी मूठ येते, ते उचलून नेते. पहिला हात रिकामाच हलत राहतो. मला त्यांनी ती चारदा करून दाखवली तेव्हा अर्थ लागला, आणि मी साहित्याची पदवी घेतलेली. शेषरावांनी ती एकदाच पाहिली.

"कापूस हाय," ते म्हणाले. "वेचणी झाल्यावर पळाट्या अशाच हलत्यात."

तीन वर्षांचा सौदा संपला तेव्हा शेषरावांनी विषयच काढला नाही. सुमन आमच्याकडची शेवटची इयत्ता पूर्ण करून गेली. आज तीर्थपुरीत तिचं शिवणाचं दुकान आहे, नवरा तिच्यासारखाच, मुलगा ऐकू येणारा आणि दोन्ही भाषांत वटवट करणारा. शाळेतला हात मागेचा नियम नंतरच्या काळात गळून पडला. कुणी रद्द केला नाही, कुणी तो सांगेनासं झालं. मामा निवृत्त झाल्यावरही मी आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जायची, एक गोष्ट सांगायची. माझ्या अंगणात शेवटपर्यंत कुणीतरी जागा बदलायचंच आणि ते नाक मुरडायचे. त्यांच्या दिवसांना सुमन आली होती, जुनी पंधरा-वीस मुलं आली होती. सगळे अंगणात गोल करून उभे राहिले आणि एकेकानं मामांची नक्कल केली. सुई ओवताना जीभ बाहेर काढणारे मामा, चहा सांडणारे मामा, रुमाल ओढणारे मामा. नातेवाईक आधी बुजले, नंतर तेही हसायला लागले. आता मी आरशासमोर उभी राहून सराव करते. हात गंजतात, आणि आरसा चूक दाखवत नाही.

एवढं लिहून थांबणार होते, पण एक दिवस राहिला. रुमालाच्या सौद्यानंतरची पुढची दिवाळी. सुमनला न्यायला शेषराव आले होते आणि मला बाजारपेठेत काम होतं, म्हणून बसस्थानकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. गर्दी खूप होती. तीर्थपुरीची गाडी लागलेली, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. सुमनच्या हातात वळकटी होती. तिला काहीतरी आठवलं, तिनं वडिलांची बाही ओढली, आणि वळकटी हातात असल्यामुळे तिला बोलता येईना. शेषरावांनी ती तिच्या हातातून काढून स्वतःच्या काखेत मारली. ती सुरू झाली.

वसतिगृहातली काहीतरी हकीकत होती. स्वयंपाकीणबाई, मांजर, दुधाचं पातेलं. मांजर तिनं डावीकडे ठेवली होती, बाई उजवीकडे. शेषराव गाडीकडे पाठ करून उभे होते. या भाषेत ऐकायचं तर पाहावं लागतं, पाहता पाहता गाडीत चढता येत नाही.

कंडक्टर दारात आला. "ओ मिशीवाले, तीर्थपुरी ना? चला जल्दी."

शेषरावांनी नुसता हात वर केला.

"येऊन राह्यलात का न्हाई?"

त्यांनी मान वळवली. "थांबा की जरा. लेक बोलून राह्यली."

कंडक्टरनं सुमनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला आवाज कुठंच ऐकू येत नव्हता. "बोला मंग," तो म्हणाला, आणि घंटी मारली. गाडी निघाली. पुढची दोन तासांनी होती.

पण मान वळवल्यामुळे शेषरावांचं मधलं पाहायचं राहून गेलं होतं. सुमननं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. त्यांनी भुवया वर केल्या, स्वतःच्या स्वतः, चांगल्या कपाळापर्यंत. तिनं हवेतली मांजर पुसली, बाई पुसली, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.